घासलेला पैसा

तांब्याच्या जुन्या नाण्यांचा दर्जा ठरवायला मी छंद म्हणून शिकले नाही. एका माणसाचा सूड घ्यायचा होता म्हणून शिकले. लोक विचारतात, मॅडम, तुम्ही शाळेत केमिस्ट्री शिकवता, हे नाण्यांचं वेड कुठून लागलं? मी हसून ‘लहानपणापासून आवड’ असं काहीतरी ठोकून देते. आवड कसली डोंबलाची! माझ्या आईला भरल्या हॉलमध्ये हसलेला माणूस मला त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर गप्प झालेला बघायचा होता. त्यासाठी भिंग घेऊन डोळे फोडले.

नाणं होतं पाव आण्याचं, राजाछाप. पुस्तकात त्याला ब्राँझ म्हणतात, आमच्या घरी तांब्याचा पैसा. तो माझ्या आजीचा, म्हणजे बाबांच्या आईचा. आजी मुलगी असताना विदर्भातल्या एका जिनिंगमध्ये कापूस साफ करायला जायची. आमच्या जातीच्या माणसाच्या हाताला हात लागू नये म्हणून मजुरी हातात द्यायची नाही, पायरीवर फेकायची, अशी तिथली रीत. एका दिवशी मुकादमानं नवा कोरा पैसा फेकला. तो दगडी पायरीवर कडेवर आपटला, घरंगळत नालीपर्यंत गेला, आणि आजी त्याच्या मागे वाकून वाकून गेली तेव्हा बाकीचे हसले. तिनं तो उचलला, पण खर्च केला नाही. कुंकवाखाली लावायच्या मेणाच्या डबीत तळाशी दाबून ठेवला.

पुढे बाबांना भिलाईच्या प्लांटमध्ये नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि आजी तिच्या डबीसकट टाउनशिपच्या सेक्टरमध्ये राहायला आली. गावातलं सगळं मागं राहिलं, बुद्धाची तसबीर आणि ती डबी तेवढी बरोबर. डोळे मिटण्याआधी तिनं डबी मुलाच्या नाही, सुनेच्या हातात दिली. आईला म्हणाली, “हा पैसा चालवू नोको, बाई. माह्यासमोर फेकला होता. त्याईच्यातला कोणी ज्या दिवशी हा पैसा हातात देईन, त्या दिवशी चालला समजजो.”

आईनं ते वाक्य जपलं तसं दुसरं काही जपलं नाही. म्हणून पुढे जे झालं ते मी विसरू शकले नाही.

छत्तीसगड नवीन राज्य झालं होतं, मी कॉलेजात जात होते. बाबांच्या खात्यातले एक मोठे साहेब जुन्या नाण्यांचे शौकीन. मराठीच, पण बोलणं छापील. सेक्टरातल्या हॉलमध्ये ते दर वर्षी नाण्यांचं प्रदर्शन भरवायचे आणि स्वतःच परीक्षक होऊन बसायचे. त्या वर्षी त्यांनी कामगारांना सांगितलं, घरात जुनं नाणं असेल तर आणा, मी दर्जा सांगतो. बाबा घरी आले तेच उजळलेल्या चेहऱ्यानं. साहेबांनी आपल्याला बोलावलं, याचंच त्यांना अप्रूप.

आईनं डबी उघडली. मेणातून निघालेला पैसा गडद चॉकलेटी दिसत होता. आता माझ्या आईची गोष्ट सांगते. आमच्या क्वार्टरमध्ये पाणी भरायचा तांब्याचा गुंड होता, तांब्या होता, दोन पेले होते, आणि ते काळे पडलेले मी कधी पाहिले नव्हते. काळं तांबं म्हणजे घरात बाई नाही, असं ती मानायची. पाहुणा यायचा म्हटलं की आधी चिंच भिजत पडायची. तर प्रदर्शनाला न्यायचा पैसा ती तसाच कशी नेणार?

“लोकाईपुढे न्यायचा हाय, असा काळा नेऊ काय?” म्हणाली आणि चिंच, मीठ घेऊन बसली. अंगठ्यानं गोल गोल घासत राहिली. पैसा नव्या नवरीसारखा झाला. बाबा म्हणाले, वा. मीही म्हणाले, वा. कुणाच्या बापाला ठाऊक होतं की जुन्या तांब्याचा जीव त्याच्या रंगातच असतो!

हॉलमध्ये साहेबांनी पैसा हातात घेतला, भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच काढलं.

“कुणी घासलं हे?”

आईला वाटलं कौतुक चाललंय. ती पदर सावरून पुढे झाली. “मी घासलं, साहेब. चिंच-मिठानं. अजून पायजे तर अजून उजळते.”

सगळा हॉल हसला. साहेब हसणं संपायची वाट बघत थांबले, मग सावकाश म्हणाले, “बाई, हे नाणं आहे, हंडा नव्हे. झीज जवळजवळ नाही, राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंडसुद्धा दिसते. पहिल्या दर्जाचं नाणं होतं, तुम्ही मारलंत. आता दर्जा शून्य. तुम्हा लोकांना काय, हाती येईल ते घासायची सवय.”

आणि त्यांनी तो पैसा टेबलावर टाकला. ठेवला नाही, टाकला. तो घरंगळला, खाली पडला, खुर्च्यांच्या पायांतून गेला. आई त्याच्या मागे वाकली. मी बाजूला उभी होते. आजीनं सांगितलेली ती पायरी मी कधी पाहिली नव्हती, पण त्या दिवशी पाहिली.

आईनं उचलून आणला तेव्हा साहेब म्हणाले, “राहू द्या इथेच. नाणं कसं मारतात ते मुलांना दाखवायला उपयोगी पडेल.” बाबांनी मान डोलावली. खात्यातल्या साहेबाला नाही कसं म्हणायचं? आईनं पैसा टेबलावर ठेवला.

बाहेर आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, “कावून हसून राहिले होते ते?”

बाबांनी स्कूटरला किक मारली.

काही महिन्यांनी बाबांनी धीर करून पैसा परत मागितला. साहेब म्हणाले, “अहो, ते? भंगारात गेलं असेल.” बाबांनी घरी येऊन सांगितलं. आईनं भाजी चिरायचं थांबवलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरी चिंच फक्त वरणात पडली. गुंड काळा झाला, मग हिरवट झाला. आईनं तो पलंगाखाली सरकवला आणि स्टीलचा आणला. शेजारीण म्हणाली, काय हो, तांबं सोडलं? आई म्हणाली, “घासनं होत नाही आता.” तिच्यापाशी एकच ठेव ठेवली होती आणि ती तिच्याच हातानं गेली, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तिचा गुन्हा एवढाच की तिनं आपल्या परीनं पैशाचा मान ठेवला. पुढे बाबा वारले, पैसा भंगारात गेला असंच समजून.

मी मात्र शिकायला लागले. सुपेल्याच्या बाजारात जुनी भांडी, मोड आणि नाणी विकणारे बसतात, त्यांच्या ओट्यावर तासन् तास नाणी उलटसुलट करत बसायचे. दर्जा म्हणजे काही जादू नाही. नाण्यावरचा जो भाग सगळ्यात वर असतो तो सगळ्यात आधी झिजतो. राजाछाप पैशावर आधी कान सपाट होतो, मग मुकुटाचे खडे, मग झग्यावरचा तो इवलासा हत्ती. हत्तीचे पाय मोजता आले तर नाणं फार हिंडलेलं नाही. नाणं कधी वरच्या उजेडात बघायचं नाही, खिडकीशी धरून कलतं करायचं. म्हणजे घासल्याच्या बारीक रेघा आपोआप उभ्या राहतात. आणि रंग. खोलगट भागात गडद, उंचवट्यावर थोडा फिका, असा रंग वर्षांनी येतो. सगळीकडे एकसारखा असला की समजायचं, कुणीतरी चढवला आहे.

साहेब रिटायर झाले, टाउनशिपबाहेर घर बांधलं, पण प्रदर्शन सोडलं नाही. दर वर्षी मधल्या काचेच्या पेटीत त्यांचं एकच नाणं. लाल मखमल, वर दिवा, खाली पाटी: ‘न घासलेलं नाणं कसं असावं याचा नमुना. घराण्यातून आलेलं.’ त्याच्याशेजारी उभं राहून ते शाळेच्या पोरांना भाषण द्यायचे. तांब्याचा खरा रंग म्हणजे माणसाचं चारित्र्य, तो कशानंच जात नाही, वगैरे. नाकानं कांदे सोलणारे बरेच पाहिले, पण असा एकच.

मी पहिल्यांदा त्या पेटीपुढे उभी राहिले तेव्हा फक्त हत्ती बघायचा म्हणून वाकले होते. पाव आणा, राजाछाप, झीज जवळजवळ नाही. मखमलीवर नाणं उभं ठेवून मागे आरसा लावलेला होता, म्हणजे मागची बाजूही दिसावी. त्या आरशात, सालाच्या बरोबर खाली, कडेच्या ठिपक्यांच्या माळेतले तीन मणी चेपलेले दिसले.

आमच्या डबीतल्या पैशाची ती खूण मी लहानपणापासून बोटानं चाचपली होती. दगडी पायरीवर आपटल्याची खूण. भंगारात गेलेला माझ्या आजीचा पैसा साहेबांच्या घराण्यातून आला होता!

मी एकदम शांत झाले. तिथेच ओरडले असते तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. घासलेला पैसा इतका काळाभोर, असं कसं, हाच पहिला प्रश्न आला असता. मला ते नाणं काचेमागे नको होतं, हातात हवं होतं. आणि साहेब कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ‘हाताचा घाम लागतो,’ म्हणायचे. घामाची फार काळजी.

मग मी काही वर्षं गोड वागले. नाणेप्रेमींच्या मंडळात गेले, रविवारी त्यांच्या बैठकीत चहा वाटला, लोकांची नाणी बघून दिली. माझा दर्जा सहसा चुकत नाही, हे लोकांना कळलं. भिलाई-३ हून, दुर्गहून लोक नाणी घेऊन यायला लागले. साहेबही मला ‘आमच्या मॅडम’ म्हणू लागले. त्यांना मी आठवत नव्हते. फेकणाऱ्याला काय आठवणार, लक्षात ठेवायचं काम वाकणाऱ्याकडे.

शेवटी मंडळानं मला परीक्षक केलं. मी एकच नियम सुचवला: मधल्या पेटीत ठेवायचं नाणं आधी सगळ्यांसमोर हातात घेऊन तपासायचं. सगळे म्हणाले, बरोबर आहे. साहेब काय म्हणणार? नाही म्हणावं तर पेटी जाते, आणि पेटी म्हणजे त्यांचा जीव. मासा गळाला लागला.

त्या दिवशी मी आईला घेऊन गेले. तिला सांगितलं होतं, प्रदर्शन हाय, तू चाल. ती म्हणाली, “मी नाई येत थ्या हॉलात.” मी म्हणाले, “आई, एक बार ये. मंग नोको येऊ.” नवी साडी नेसवली, पहिल्या रांगेत बसवलं.

साहेबांनी नाण्याची मखमली डबी उघडून माझ्यासमोर ठेवली. मी नाणं कडेनं धरून उचललं, जसं धरतात तसं. खिडकीशी गेले, कलतं केलं. रंग सगळीकडे एकसारखा. हत्तीच्या पोटाखाली तेवढाच गडद आणि राजाच्या कानावरही तेवढाच. नाकाशी नेलं. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या बुटांचा वास आला. साहेबांचे बूट बाबांच्या खात्यात प्रसिद्ध होते, बाबा सांगायचे, तोंड बघून घ्यावं असे.

“साहेब,” मी म्हणाले, “थोडं ॲसिटोन लावून बघते.”

“त्याची काय गरज?” ते झटकन म्हणाले.

“गरज नाही, नियम आहे. आणि तुम्हीच तर मुलांना सांगता ना, खरा रंग कशानंच जात नाही म्हणून?”

लोक कौतुकानं हसले. त्यांना वाटलं मी साहेबांची बाजू घेतेय. साहेबांच्या कपाळावर मात्र घाम आला, आणि तो कशाला लागू नये म्हणून पुसायलाही सुचेना.

जी गोष्ट मला केमिस्ट्रीनं दिली ती हीच. तांब्याचा खरा रंग म्हणजे तांब्यानं हवेशी केलेला संसार, तो ॲसिटोननं मोडत नाही. वरून चोपडलेलं मेण, तेल, पॉलिश मात्र लगेच सुटतं. मी कापसाचा बोळा भिजवला आणि राजाच्या गालावर हलकेच टेकवला. बोळा तपकिरी झाला. दुसरा घेतला, तोही तपकिरी. तिसऱ्या बोळ्याला राजाचा गाल लालसर दिसायला लागला, आणि त्या लालीवर बारीक गोल गोल रेघा. माझ्या आईच्या अंगठ्याच्या. इतकी वर्षं पॉलिशनं त्या जपून ठेवल्या होत्या.

मी ते बोळे पांढऱ्या बशीत ठेवले आणि बशी पहिल्या रांगेतून फिरवली. एकानं वास घेऊन विचारलं, “ये तो चेरी पॉलिश है ना?”

“हो,” मी मोठ्यानं म्हणाले, “घासलेलं नाणं आहे. चिंच-मिठानं. वरून बुटाचं पॉलिश. दर्जा शून्य.”

शून्य म्हणताना मी साहेबांकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, इतकं गोड मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही. बाबा खुर्चीत हवे होते, एवढंच वाटलं.

“कुणीतरी... आमच्या घरी कुणीतरी घासलं असेल,” साहेब पुटपुटले.

“असेल. घराण्यातलं आहे ना? मग एक सांगा. सालाखाली तीन मणी चेपलेत. कशानं चेपले?”

“जुनं नाणं आहे. पडलं असेल कुठे.”

“पडलं नाही,” पहिल्या रांगेतून आवाज आला. आई उठून उभी होती. तिनं माझ्या हातातल्या नाण्याकडे नीट पाहिलं नव्हतं, तिची नजर तेवढी राहिलीही नाही. पण तीन मणी ऐकले होते. “पडलं नाही, साहेब. फेकलं होतं. माह्या सासूसमोर, जिनिंगच्या पायरीवर. हात लागू नये म्हून. मी घासलं थे. तुम्ही हसले होते. भंगारात गेलं म्हून सांगतलं होतं तुम्ही.”

त्या दिवशी हसलेल्यांतले काही जण अजून तिथेच होते. केस पिकलेले, मान खाली. मी एकेकाला शोधून बघून घेतलं. कुणी सुटू नये असं वाटत होतं.

साहेब घाईघाईत म्हणाले, “बरं बरं, तुमचं असेल तर घेऊन जा. मला काय करायचंय.” आणि मी नाणं परत ठेवलेली ती मखमली डबी त्यांनी बोटानं टेबलावरून पुढे लोटली.

डबी कडेपर्यंत आली. खाली पडली असती. मी हात पुढे केला नाही. आईही वाकली नाही.

“लोटू नोका,” ती म्हणाली. “हातात द्या.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. कुणी त्यांच्या मदतीला आलं नाही. ते टेबलाला वळसा घालून आले, डबीतून पैसा काढला. आईनं तळहात पसरला, पण वर नेला नाही, पोटाशी धरला. तिच्याहून उंच त्या माणसाला कमरेत वाकावं लागलं. पैसा ठेवताना त्यांची बोटं तिच्या तळव्याला चांगली टेकली. आईनं लगेच मूठ मिटली नाही. सगळ्यांना दिसेल इतका वेळ तसाच हात ठेवला, मग मिटली.

त्या वर्षी मधली पेटी रिकामीच राहिली. पाटी काढायला मी कुणाला सांगितलं नाही. ‘न घासलेलं नाणं कसं असावं याचा नमुना’, आणि वर नुसती मखमल. लोक येऊन वाचत होते, हसत होते. साहेब त्यानंतर मंडळात आले नाहीत. बरं वाईट काही वाटलं का, असं मला एकानं विचारलं. मी म्हणाले, वाटलं ना, इतकी वर्षं का थांबले याचं.

घरी आल्यावर मी हातपाय धुतले, चहा ठेवला. आई मोरीपाशी बसली होती. वाटीत चिंच भिजवलेली, बाजूला मिठाची पुडी. पलंगाखालून काढलेला हिरवा गुंड तिथेच आडवा पडला होता, पण तिनं आधी पैसा घेतला होता. अंगठ्यानं गोल गोल.

आता मी नाण्यांची परीक्षक. माझ्या तोंडून निघून गेलं, “आई, काय करून राहिली? अजून घासशीन तर हत्तीबी जाईन त्याच्यावरचा!”

“जाऊ दे हत्ती,” ती मान वर न करता म्हणाली. “त्याचा हात लागला होता न.”